मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं

दिनू,

त्या दिवशी तुझ्या घरात मला बसायला जागा नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर बाकीचं सांगेपर्यंत ते घशात अडकून राहील.

मी रिक्षातून उतरून धावत आले, तर गल्लीच्या तोंडापासून बायकाच बायका. हातातलं काम तसंच टाकून आलेल्या. कोणाच्या पदराला तंबाखूचा वास, कोणाच्या बोटाला अजून बिडीचा दोरा गुंडाळलेला. दारात एक पोक्त बाई उभी होती. आत कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही, हे आपणच बघायचं असं तिने परस्पर ठरवलेलं दिसत होतं. तिने मला अडवलं.

"तुमी मामांच्या कोण?"

"बहीण," मी म्हटलं.

"बहिनी समद्या त्या भिंतीकडं बसल्यात," ती म्हणाली. "तिकडं सरकून बसा. आन् चपला भायेर काढा."

आणि दिनू, मी चपला बाहेर काढल्या आणि मुकाट्याने तिकडे जाऊन बसले की रे! भिंतीला तुझ्या बहिणींची लांबलचक रांग लागली होती. तिच्या अगदी शेवटी, पाण्याच्या बंबाला टेकून, तुझी सख्खी. माझ्या शेजारची बाई इतक्या जोरात रडत होती की माझं रडणं थांबवून मला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. "माझा मामा गेला वो," ती म्हणत होती. तुझ्याहून वयाने मोठीच असेल. माझ्या मनात आलं, बाई गं, हा शब्द माझा आहे, जरा जपून वापर.

अशा वेळी माणसाच्या मनात असलं काही येऊ नये म्हणतात. माझ्या आलं. तुझ्यापासून काय लपवायचं? लहानपणी आई भाकरी वाढायची तेव्हा तुझ्या ताटातली मोठी की माझ्या, हे नीट बघितल्याशिवाय मी घास मोडत नव्हते, हे तुला ठाऊकच आहे. तुला ठाऊक होतं म्हणून तर तू मुद्दाम आपली भाकरी माझ्या भाकरीवर ठेवून मापायचास आणि हसायचास.

लिहायला बसले आहे, कारण तुझ्याबद्दल बोलायची सोय राहिलेली नाही. भाजीबाजारात कोणाजवळ तुझं नाव काढावं तर समोरचाच डोळे पुसायला लागतो, आणि मग समजूत मी काढायची. कागद तेवढा रडत नाही.

तर तो शब्द. मामा.

तुला मामा मी केलं. माझी मंगल झाली म्हणून तू मामा झालास, यात तुझं स्वतःचं कर्तृत्व काही नव्हतं. ती बोलायला लागली तेव्हा "आई"च्या आधी "मामा" म्हणाली, तो हेवा तर वेगळाच. पुढे तू सातपूरला कारखान्यात लागलास आणि दुपारी पहिली पाळी सुटली की सायकलच्या दांडीवर मंगलला बसवून आईच्या गल्लीत न्यायला लागलास. माझं सासर दोन आळ्या पलीकडे, पण हवा वेगळी. आमच्याकडे कारकून, मास्तर, एखादा दुकानदार. आईची गल्ली सगळी बिड्या वळणाऱ्यांची. दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चाललेली की बघणाऱ्यालाच धाप लागावी. त्या गल्लीत दांडीवरची मंगल ओरडायची, "मामा, हळू! मामा, खड्डा!" गल्लीतल्या पोरांनी ते ऐकलं आणि तीही मामा म्हणायला लागली. मग पोरांच्या आया. मग त्या आयांच्या सासवा. एक दिवस माझी स्वतःची सासू मला म्हणाली, "मामा आले होते गं." मी विचारलं, "कोणाचे मामा?" तर म्हणाली, "कोणाचे म्हणजे? आपले!"

तिथून तो शब्द माझ्या हातातून गेला तो गेलाच.

नगरपालिकेच्या निवडणुकीला तू उभा राहिलास तेव्हा भिंतीवर नाव लिहिलं होतं दिनकर, पण घोषणा सगळ्या मामांच्या. निशाणी मिळाली कपबशी. त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक घरी तुला चहा प्यावा लागला, कारण मामांची निशाणी कपबशी आणि मामा चहा न घेता गेले तर अपशकुन! तुझ्या पोटाचे हाल झाले आणि तू निवडून आलास. गुलालाने लाल होऊन आधी आईच्या खोलीत गेलास. तिच्या पाया पडलास. आई म्हणाली, "हात धू आधी. तंबाखूत गुलाल पडंल." मेंबर झालेल्या पोराला दुसरी कुठली आई असं म्हणाली असती?

ती बोलली तसा तू हसलास, पण मला तुझं तोंड दिसलं. तुला बिडी कारखान्यातली ती रांग आठवली असणार. आपण लहान होतो तेव्हा वळलेल्या बिड्या घेऊन आई कारखान्यात जायची, तिथे तपासनीस एकेक बघून नापसंत झालेल्या बाजूला टाकायचा आणि आई काही बोलायची नाही. तू रांगेत तिच्या पदराला धरून उभा असायचास. घरी आल्यावर मात्र तू तपासनीस व्हायचास, मला बाई करायचास, आणि माझी एकही बिडी नापसंत करायचा नाहीस. "पास! पास! सगळ्या पास!" मला वाटायचं, हा खेळ आहे. तू मेंबर झाल्यावर कळलं की तू तेव्हापासूनच प्रचाराला लागला होतास.

तुझ्या मेंबरकीची पहिली कामगिरी आमच्या ह्यांच्या अंगावर पडली. अगदी शब्दशः. ह्यांना कचेरीत जायच्या आधी ताज्या पाण्याने अंघोळ लागायची, आणि आमच्या आळीला नळ सकाळी लवकर यायचा. आईच्या गल्लीला यायचा ऐन दहा-अकराच्या सुमाराला. त्या वेळी बायका बिड्या द्यायला कारखान्यात. रांग सोडून पाण्याला पळाल्या तर नंबर गेला, आणि नंबर धरला तर पाणी गेलं. तू पालिकेत भांडून काय केलंस, तर दोन्हीकडच्या वेळा सरळ अदलाबदल करून टाकल्यास. सख्ख्या बहिणीचं पाणी उचलून मानलेल्या बहिणींना!

मी तरातरा तुझ्याकडे आले. "हे शिळ्या पाण्याने अंघोळ करताहेत, दिनू. भाऊ मेंबर झाल्याचं हे फळ?"

"अक्के," तू म्हणालास, "तुझ्या मोरीत पिंप आहे. भरून ठेव की. त्यांच्या खोल्यांत माणसं निजायला जागा नाही, पिंप कुठं ठेवतील?"

"म्हणजे माझ्याकडे पिंप आहे हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही गं. पण पिंपाला मत नसतं," तू म्हणालास, आणि वर माझ्याच हातचा चहा मागितलास.

याला द्यायचं उत्तर अजून मी शोधते आहे. कधी भांडी घासताना वाटतं, सापडलं. पण आता ते ऐकवू कोणाला?

मेंबर झाल्यावर लोक तुला दाखले मागायला येतील, दिवे मागायला येतील, असं मला वाटलं होतं. तसे ते आलेच. पण तुझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी आली ती मामाची. लग्नात मंगलाष्टकांच्या आधी भटजी पुकारतात ना, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं! मग मामाने मुलीला हाताला धरून आणायचं, पाटावर उभं करायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीमागे उभं राहायचं. बिडीगल्लीत निम्म्या पोरींचे मामा कुठे इगतपुरीच्या पलीकडे भातशेतीत, कुठे कामावर, कोणाचे भांडून गेलेले. पुकारा झाला की मांडवात शांतता पडायची आणि मुलीची आई मान खाली घालायची. एकदा तू अक्षता घेऊन मागे बसला होतास, अशीच शांतता पडली, आणि तू उठलास. एवढंच. त्यानंतर लग्नसराईत तुझा एकही रविवार घरी गेला नाही.

मला राग यायचा तो तू उभा राहायचास याचा नाही. तू छान उभा राहायचास याचा. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, आणि तोंडावर असा भाव की ही पोर आपल्याच घरात लहानाची मोठी झाली. अरे, जी तुझ्या बहिणीच्या घरात लहानाची मोठी झाली, तिच्यासाठी काही शिल्लक ठेव की!

आता मंगलच्या लग्नाचं बोलू. आपण दोघं त्यावर शेवटपर्यंत एकमताला आलो नाही, आणि तू गेलास म्हणून मी माझं मत बदलणार नाही.

गोरज मुहूर्त होता. वऱ्हाड मालेगावहून आलेलं, यंत्रमागाच्या धंद्यातली माणसं, वेळेला पक्की. तू सकाळपासून मांडवात राबत होतास. दुपारी म्हणालास, "अक्के, जरा जाऊन येतो," आणि गेलास. मला काय माहीत की गल्लीतल्या गंगूबाईच्या पोरीचंही त्याच गोरजाला लग्न आहे आणि तूच तिचा मामा! तुला वाटलं होतं, त्यांच्या भटजींना सांगून तिकडचं थोडं आधी उरकून घेऊ. भटजी उरकतात होय? भटजी कधी कोणाचं ऐकून उरकतात?

इकडे पुकारा झाला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मामा नाहीत. दुसऱ्यांदा पुकारा. मंगल आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून उभी, हात पुढे करून, धरायला कोणी नाही. व्याह्यांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या बोलीत मोठ्याने विचारलं, "मामा कोठे शे?" साऱ्या मांडवाने ऐकलं. मी इकडे तिकडे बघून हसले. ते हसू अजून माझ्या गालात दुखतं.

तू आलास. सायकल मांडवाच्या खांबाला टाकलीस आणि धापा टाकत आत शिरलास. मंगलचा हात धरलास. मी तुझ्या टोपीकडे बघितलं तर तिच्यावर अक्षता. दुसऱ्या लग्नाच्या अक्षता डोक्यावर घेऊन तू माझ्या पोरीच्या मागे उभा राहिलास, दिनू!

पाठवणी झाल्यावर मी तुला गाठलं. "माझी मुलगी दोन पुकारे ताटकळली."

"अक्के, तिच्या मागं कोणी नव्हतं गं. गंगूबाईचे भाऊ रुसून बसलेले. मंगलच्या मागं मांडवभर माणसं होती."

"मांडवभर माणसं म्हणजे मामा नव्हे."

"हो," तू म्हणालास. "म्हणून तर तिकडं गेलो."

मी तुझ्याशी बोलायचं बंद केलं. भाऊबीजेला तू आलास, पाटावर बसलास, मी ओवाळलं, पण तोंडातून शब्द नाही. निरांजनाची वात तेवढी तडतडली. करंजी चावताना तू छायाकडे, माझ्या धाकटीकडे, बघून बोललास, म्हणजे ऐकवलंस मलाच: "छायाच्या लग्नात मी आदल्या दिवशीच येऊन बसतो. पाटाखालीच बसतो. मग उठणारच नाही." छाया हसली. मला हसू आलं होतं, पण मी ते करंज्यांच्या डब्यात डोकं घालून लपवलं.

पुढे नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली, कारभार सरकारने नेमलेल्या साहेबांच्या हाती गेला आणि तुझी मेंबरकी संपली. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता माझा भाऊ मला परत मिळेल. कसला मिळतोय! खुर्ची गेली, कचेरीतला मान गेला, पण लग्नाची बोलावणी तशीच. उलट आता तुला सभाच नव्हत्या, त्यामुळे मामा व्हायला मोकळा!

आणि मग तू छायाच्या लग्नाच्या तोंडावर गेलास. कारखान्याच्या फाटकात सायकल स्टँडला लावलीस आणि शेजारीच बसलास, म्हणे. पाटाखाली बसतो म्हणाला होतास.

छायाच्या सासरचे म्हणाले, लग्न पुढे ढकलायचं असलं तर आमची ना नाही. पण तुझी कमलच म्हणाली, "ढकलू नका. त्यांना आवडणार नाही." लग्न ठरल्या दिवशीच करायचं ठरलं. मग प्रश्न एकच उरला. पुकारा झाला की कोण उठणार?

उमेदवार पुष्कळ आले. तुझ्या कारखान्यातला एक मित्र आला, गल्लीतला रिक्षावाला आला. गंगूबाईसुद्धा आली. तीच ती. म्हणाली, "अक्का, माजा जावई उभा ऱ्हाईल. मामांचं लय उपकार हायेत." मी सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांना नाही म्हटलं. माझा भाऊ सगळ्यांनी वाटून घेतला होता, आता त्याची रिकामी जागा तरी मी कोणाला वाटून देणार नव्हते. "तिथे कोणी उभं राहायचं नाही," मी घरात जाहीर केलं. "जागा मोकळी राहील. दिनूची म्हणून."

छाया गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आई, ती जागा मामाची असेल," ती म्हणाली, "पण पाठ माझी आहे. मला माझ्या पाठीमागे कोणीतरी हवंय."

आमचे हे पेपरामागून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते." ह्यांना शिळ्या पाण्याची अंघोळ सोसली पण माझी बाजू घेणं कधी सोसलं नाही.

मी घुश्शातच निघाले. मनाशी म्हटलं, गंगूबाईच्या जावयाला नाही म्हटलंय ते तिच्या पोरीच्या तोंडावर एकदा सांगून येऊ, आणि जिच्यासाठी तू माझ्या मंगलला ताटकळत ठेवलंस ती आहे तरी कोण, तेही बघून येऊ. इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते, पण तिला नीट बघितलं नव्हतं. सुलोचना तिचं नाव. लग्नानंतर त्याच गल्लीत राहिली आहे. दारात बसली होती, मांडीवर सूप. मला बघून तिने पदर सावरला, पण बोटं थांबवली नाहीत.

"या मावशी. बसा. तुमी येनार हे मला ठाव होतं."

"ते कसं?"

"आईला तुमी नाय म्हनलात ना. म्हंजी अजून राग गेला नाय."

मी म्हटलं, "राग कशाला असेल? तुला पूर्ण मामा मिळाला, माझ्या मंगलला उरलेला मिळाला. होतं असं."

तेव्हा तिची बोटं थांबली. "पूर्ण?" ती म्हणाली. "मावशी, मामा माज्या मागं उभं होतं खरं. पन त्यांचा पाय एका जागी ठरंना. सारखं भटजीला म्हनायचे, 'आवरा वो, आवरा, माझी पोरगी थांबलीय तिकडं.' माज्या लग्नात, माज्या पाठीमागं उभं ऱ्हाऊन, 'माझी पोरगी' कुनाला? तर तुमच्या मंगलताईला! मला रडू आवरंना. समद्यांना वाटलं, आईला सोडून चालली म्हनून रडती."

"मग कशाला रडत होतीस?"

"जळत व्हते," ती म्हणाली. आणि पुन्हा बिडी वळायला लागली.

दिनू, मी सुतकात होते, डोळे सुजलेले होते, पण मला जो काही आनंद झाला म्हणतोस! वाटलं, तिला उठवून मिठी मारावी. इतकी वर्षं मला वाटत होतं की रांगेच्या शेवटी मी एकटीच उभी आहे. तर माझ्याही मागे एक उभी होती. तू तिकडे माझ्या मंगलला माझी पोरगी म्हणत होतास आणि हे मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. भाऊबीजेला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण सांगितलं असतंस तर मी ते गल्लीभर सांगितलं असतं, आणि सुलोचनाला पुन्हा रडवलं असतं. तुला माझी खात्री होती.

मी उठायला लागले तशी ती म्हणाली, "माज्या मानसाला नका उभं करू. त्याला पोशाख केला की घाम सुटतो. मामा नसंल तर मामी असती ना. मामीला सांगा."

मी तशीच परत खाली बसले. कमल! तुझ्यावर हक्क सांगणाऱ्यांची एवढी मोजदाद मी केली, पण त्यात तुझी बायको मी धरलीच नव्हती. तिने स्वतःहून कधी नाव नोंदवलं नाही, आणि हेवा कसा करायचा हे तिला बहुधा कोणी शिकवलं नाही. लग्नसराईत तू मांडवामांडवांत जेवून यायचास, आणि ती तुझी टोपी झटकून अक्षता चिमण्यांना टाकायची.

"आन् करवलीचा दिवा माज्याकडं द्या," सुलोचना म्हणाली.

"दिवा मंगल धरणार."

"मग कलश."

"कलशाचं बघू."

"बघू नाय. कलश माज्याकडं. मी येनार ती बहीन म्हनून येनार, नुसती जेवायला नाय."

मी हो म्हटलं. घासाघीस करायला मला आवडतं, पण ही माझ्या वरताण निघाली.

परत येताना डोक्यात एक हिशेब लागला. माझ्या भावाला मामा म्हणणारी पोर ही एक तर माझी मुलगी, नाहीतर माझ्या बहिणीची. आणि बहीण तर मला नाही. म्हणजे दिनू, तू मला न विचारता केवढा संसार माझ्या पदरात टाकलास रे! निवडणूक तू लढवलीस आणि पोरं मला झाली.

कमलकडे गेले. ती एकटीच होती, तुझे सदरे घडी करत. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "छायाच्या मागे तू उभी राहा."

ती बघतच राहिली. "मी? अक्का, माझ्या कपाळाकडे बघा आणि मग बोला."

"कपाळ पुढे असतं. छायाला पाठीला डोळे आहेत का?"

"लोक काय म्हणतील? भटजी काय म्हणतील?"

"भटजी म्हणतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तू उठायचंस. पुढचं मी बघते."

तिने हातातला सदरा उलगडला, पुन्हा त्याची घडी घातली. मग म्हणाली, "ते मला कधी कुठल्या लग्नाला घेऊन गेले नाहीत, अक्का. म्हणायचे, तू आलीस तर मी तुझ्यापाशी बसेन, मग उठायचं राहून जाईल." आणि तेव्हा ती रडली. त्या दिवशी घरभर बायका असताना रडली नव्हती, कारण तिला पाणी द्यायचं होतं सगळ्यांना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे आता मला सवयीचं झालंय. पण हिच्याबरोबर मीही रडले. कोणाची समजूत काढावी लागली नाही.

व्याह्यांना ह्यांनी जाऊन सांगितलं. शिळ्या पाण्याच्या माणसाने हे एक काम बिनबोभाट केलं. ते लोक विंचूरचे, कांद्याचे व्यापारी. थोडे चुळबुळले, मग म्हणाले, तुमची मुलगी, तुमची मामी. भटजींनी पंचांग चाळून त्यात काही मिळतंय का बघितलं, काही मिळालं नाही. छायाला सांगितलं तर ती म्हणाली, "मामी उंच आहे, बरं वाटेल." तिला एवढंच हवं होतं.

मला मात्र आता नवीनच जळजळ सुरू झाली आहे. कमलचं नाव ठरल्याचं गल्लीत कळलं, आणि काल दोन बायका तिच्याकडे येऊन गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न आहे. मामीने उभं राहावं म्हणतात. म्हणजे आता हिलाही नेणार!

आज आचारी आला होता. लग्न चार दिवसांवर आलं. तो बिचारा बाहेरगावचा, त्याला काही माहीत नाही. उकिडवा बसून म्हणाला, "बाई, घरच्यांची पंगत शेवटी बसते. बाहेरचे वेगळे काढा आणि घरचे किती ते सांगा, म्हणजे तेवढं अन्न मी बाजूला ठेवतो."

मी सांगायला तोंड उघडलं. आम्ही, मंगलकडचे, कमल. मग सुलोचना, कारण ती कलश धरणार. ती आली म्हणजे गंगूबाई. गंगूबाई आली तर दारात उभी राहून मला चपला काढायला लावणारी ती बाई कशी वगळू? बंबाजवळ माझ्या शेजारी रडत बसलेली, तिचं तर मला नावही ठाऊक नाही. आचारी वाट बघत होता. ओट्याशी उभी असलेली छाया माझ्याकडे बघत होती.

"बाई?" तो म्हणाला. "घरचे किती?"

मी म्हटलं, "बाहेरचं कोणी नाही. सगळ्यांचंच ठेव."